ट्रकात काय, खांद्यावर काय

पहिल्यांदा वारीला निघणारा माणूस ज्येष्ठ लागला की बुटांची चौकशी सुरू करतो. कुठल्या कंपनीचे घ्यावेत, तळवा किती जाड असावा, पाण्यात टिकणारे बरे की हवा खेळती ठेवणारे. मग सॅक किती लिटरची, रेनकोट कसला, स्लीपिंग बॅग लागेल का. ज्याचं अर्धं आयुष्य या वाटेवर गेलंय असा वारकरी हे सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि उलट एकच विचारतो, "दिंडी कुठली?" बुटांपासून अंथरुणापर्यंतची निम्मी उत्तरं या एका प्रश्नात आहेत. नवख्याला ते दिवेघाट चढून गेल्यावर समजतं.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते. तुकोबांची देहूहून आदल्या दिवशी निघालेली असते. माउलींची वाट पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशी जाते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावली, तिचा कणा म्हणजे दिंडी. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, पालखीच्या रथापुढची की रथामागची हे ठरलेलं असतं. दिंडीचा ट्रक असतो, राहुट्या असतात, पाण्याचा टँकर, आचारी, मोठाली पातेली, जनरेटर असतो. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की दोन वेळचं जेवण, पहाटेचा चहा, रात्रीचा निवारा आणि सामानाची वाहतूक दिंडीकडे लागते. म्हणजे जगातल्या इतर लांब पायी यात्रांमध्ये माणूस जे पाठीवर वाहतो, त्यातलं बहुतेक इथे चाकांवर पुढे जातं.

तेव्हा बुटांच्या दुकानात जाण्याआधी दिंडीचालकाला फोन करावा. एका राहुटीत माणसं किती? पुण्यात उतरायला शाळा आहे, मंगल कार्यालय आहे की कुणाच्या वाड्याची ओसरी? ट्रक सकाळी किती वाजता हलतो? ताट-वाटी आपली आणायची की पत्रावळी असते? बायकांच्या आंघोळीला आडोसा असतो का, शौचालयाची सोय काय? आणि माणशी सामान किती घेता? हा शेवटचा प्रश्न विचारायला नवखे लाजतात. दिंडीचालकाला मात्र तो फार आवडतो, कारण बाकी कुणी विचारत नाही आणि आळंदीत ट्रकापाशी चाकाच्या बॅगा येऊन उभ्या राहतात. शेताच्या ढेकळांत त्या बॅगेची चाकं कामाची नसतात. ती डोक्यावर घेऊन चालणारा गृहस्थ मुक्कामाच्या गावी हमखास एक तरी दिसतो.

एक घोळ मुळातच आहे, तो सांगून टाकतो. शहरातून येणारे पुष्कळ लोक आळंदी ते पुणे किंवा पुणे ते सासवड एवढाच टप्पा चालतात. आयटीवाल्यांच्या दिंड्या बहुतेक अशाच. त्यात काही वाईट नाही. पण त्यांचं सामान एका दिवसाचं असतं, रात्री घरी जाऊन गरम पाण्यात पाय सोडायचे असतात. त्यांच्या अनुभवावरून केलेल्या याद्या मग पंढरपूरपर्यंत जाणाऱ्याच्या हाती पडतात. एका दिवसात जो बूट छान वाटतो, तोच आठव्या दिवशी वैरी होतो.

पूर्ण वारी करणाऱ्याची पिशव्यांची वाटणी सोपी आहे. एक ट्रकात, एक खांद्यावर. ट्रकातली संध्याकाळीच दिसणार. पहाटे काकड्याच्या सुमारास राहुट्या उतरवल्या जातात, वळकट्या, ट्रंका, पोती ट्रकात चढतात आणि ट्रक पुढच्या मुक्कामाला जाऊन जागा धरतो. संध्याकाळी ताडपत्रीवर दीडशे-दोनशे पिशव्यांचा ढीग पडतो. त्यात काळ्या रंगाच्या सारख्या सॅका किती असतात ते त्या ढिगापाशी बॅटरी घेऊन उभं राहिल्यावर कळतं. जुनी माणसं म्हणून पत्र्याच्या ट्रंकेवर रंगाने नाव, गाव आणि दिंडी क्रमांक लिहून आणतात, किंवा पिशवीच्या कानाला लुगड्याची लाल चिंधी बांधतात. ट्रंकेचा दुसरा उपयोगही मोठा आहे. ढिगाच्या तळाशी गेली तरी आतलं चेपत नाही, वरून पाणी आलं तरी कपडे कोरडे राहतात, आणि रात्री ती उशाला घेता येते. सॅक घेणाऱ्याने निदान आतले कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वेगवेगळे बांधावेत. पावसाचं आवरण बाहेरून घालण्यापेक्षा आतून पिशवी घालणं केव्हाही बरं, कारण ढिगात आवरण टिकत नाही.

आता खांद्यावरची पिशवी. तिच्यात काय असावं हे ठरवायला एक कसोटी पुरते: ट्रक आज पोचलाच नाही तर रात्र निघेल का? ट्रक चिखलात रुततात, वाहतुकीत अडकतात, माणूसच रस्ता चुकून भलत्या माळावर जातो. म्हणून एक कोरडा कपड्यांचा जोड, एक पातळ चादर, प्लॅस्टिकचा कागद, स्वतःची औषधं, छोटी बॅटरी, पाण्याची बाटली, मूठभर शेंगदाणे-गूळ. एवढ्याला मोठी सॅक कशाला? कापडी शबनम किंवा पाठीवरची लहान पिशवी पुरते. पाणी धरून तीन-चार किलोच्या वर गेलं की काहीतरी जास्तीचं आलंय असं समजावं. ते जास्तीचं बहुतेक वेळा "असू दे, लागलं तर" या सदरातलं असतं, आणि वाटेवर प्रत्येक गावात चहा, केळी, राजगिऱ्याची वडी, चिवडा हातात कोंबणारी माणसं उभी असताना खाण्याचे डबे वाहण्याला काही अर्थ नसतो.

या वाटेचं आभाळ दोन तऱ्हांचं आहे आणि सामान निवडताना हे सगळ्यांत जास्त विसरलं जातं. पुणे आणि दिवेघाटापर्यंत पाऊस साथ करतो. सासवड, जेजुरी ओलांडली की फलटण, माळशिरस हा पर्जन्यछायेचा मुलूख लागतो. फलटण-माळशिरसकडे वर्षभराचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पुण्यात चिंब झालेला वारकरी नातेपुत्यात उन्हाने करपतो. त्यात तिथीप्रमाणे वारी इंग्रजी महिन्यात मागेपुढे सरकते. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती, पालखी ११ जूनलाच निघाली, मोसमी पाऊस मुंबईला पोचला २५ जूनला. त्या वर्षी रेनकोट पिशवीतच राहिले आणि उन्हाने हाल झाले. २०२४ची एकादशी १७ जुलैला आली. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून ती थेट २५ जुलैला जाते. पंचांग पाहून सामान बांधावं, हा सल्ला दुकानात मिळत नाही. जूनमधली वारी असेल तर डोक्याला पांढरं उपरणं, जास्तीचं पाणी आणि मिठा-साखरेची सोय आधी. जुलैमधली असेल तर पाऊस आधी, तरीही टोपी हवीच.

पावसापासून बचावाचं जुनं साधन म्हणजे घोंगडं. त्याची खोळ करून डोक्यावर घेतली की पाठ, खांदे, खालचं ओझं सगळं झाकतं. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीचा गुण असा की ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषते तरी अंगाला ओली लागत नाही, आणि भिजली तरी ऊब धरून ठेवते. रात्री तेच अंथरूण, तेच पांघरूण. दोष एकच, वजन. भिजलेलं घोंगडं वाळायला दोन कडक उन्हं लागतात आणि तोवर ते खांद्यावर जड होत जातं. म्हणून आता दिंड्यांत घोंगडं क्वचित दिसतं. त्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली. निळे, पिवळे, पारदर्शक तुकडे, तशीच खोळ केलेले, पुण्यात आणि घाटाच्या पायथ्याशी पन्नास-शंभर रुपयांत मिळतात. दिवेघाटाचं पावसातलं वरून काढलेलं छायाचित्र पाहिलं तर पताकांच्या भगव्याइतकाच हा प्लॅस्टिकचा रंगही दिसतो.

छत्री आणू नये. हे ठाम लिहितो. दिंडीत चार-चारच्या ओळीत चालायचं असतं, दोन्ही हातांत टाळ असतात, छत्री धरायची कुठल्या हाताने? आणि तिच्या काड्या शेजारच्याच्या डोळ्याच्या उंचीला येतात. अंगाला चिकटून बसणारा महागडा रेनकोटही इथे फसतो. घाम बाहेर सोडणारं कापड म्हणून तो विकतात, पण आषाढातल्या दमट हवेत, गर्दीत, नाचत-पावल्या टाकत चालताना घामाला बाहेर जायला जागाच नसते. तासाभरात आतून तितकंच ओलं होतं. बाजूने उघडा असणारा ढगळ पाँचो त्यातल्या त्यात बरा, कारण खांद्यावरची पिशवीही त्याच्याखाली येते आणि हात मोकळे राहतात. पाहिलं तर तो खोळीचाच शिवलेला अवतार.

पायांवर आता जरा थांबायला हवं, कारण वारी अर्धवट सोडायला लागते ती बहुतेक पायांमुळे.

कातडीचे वरचे थर एकमेकांवर सरकतात, मधे पोकळी होते आणि तिच्यात पाणी भरतं, तो फोड. कोरडी कातडी सरकत नाही तितकी दमट कातडी चिकटून ओढली जाते. म्हणजे फोडाचं मूळ कारण चालणं हे नाही, ओल आणि घासणं ही जोडी आहे. आता बंद बुटांचा विचार करा. पुण्यात पाऊस लागला, बूट आत भिजले, सुती मोजे भिजले. मुक्काम राहुटीत, खाली ओली ताडपत्री. सकाळी बूट तसेच ओले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सर. पुणे-सासवड हा घाटासकट तीस किलोमीटरच्या आसपासचा सगळ्यांत मोठा टप्पा नेमका याच सुरुवातीच्या दिवसांत येतो. सासवडच्या मुक्कामात वैद्यकीय पथकांच्या टेबलापुढे पाय वर करून बसलेल्यांची रांग पाहावी.

बंद बुटांविरुद्ध दुसरं कारण ट्रेकिंगच्या पुस्तकात सापडणार नाही. वारीत चपला दिवसातून कितीदा काढाव्या लागतात याची मोजदाद नाही. विसाव्याला, जेवायच्या पंगतीला, पादुकांच्या दर्शनाला, समाजआरतीला, कीर्तनाला, वाटेतल्या प्रत्येक देवळापाशी. नाड्यांचे बूट घालणारा दर वेळी वाकून बसतो, तोवर त्याची दिंडी पुढे गेलेली असते. शिवाय वारीची चाल सलग नसते. दहा पावलं, थांबा, अभंग, पुन्हा चाल. उभं राहणं चालण्याइतकंच असतं, आणि उभ्या पायांना सूज येते. सकाळी नेमका बसणारा बूट संध्याकाळी आवळतो.

म्हणून मागे पट्टा असलेली, बोटांपुढे जागा असलेली, भिजली तरी अर्ध्या तासात सुकणारी सँडल सगळ्यांत बरी. घेताना संध्याकाळच्या वेळी, पाय सुजलेले असताना, एक नंबर मोठी घ्यावी आणि वारीआधी महिनाभर रोज घालून चालावं. नवं पायताण आळंदीत पायात घालणं हा वेडेपणा. पट्ट्याखाली, टाचेला, बोटांच्या बेचक्यांत पहाटे पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल चोपडलं की घासणं बरंच कमी होतं. मोजे घालायचेच तर लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, सुती नकोत. रात्री पाय धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करूनच झोपावं. फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढायची नाही, तीच खालच्या जखमेचं झाकण असते. काही जण सुईने दोरा ओवून फोडात ठेवतात, पाणी झिरपत राहतं म्हणून. शेताच्या चिखलात त्या दोऱ्यावरून काय काय आत जातं याचा विचार केला तर ही रीत सोडलेली बरी.

कोल्हापुरीचं काय, असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीने शिवलेलं, २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं. उन्हाळ्यात तिच्यासारखं पायताण नाही. पण सतत पाण्यात तळ फुगतो, शिवण सैल होते आणि वाळल्यावर चामडं कडक होऊन पायाला लागतं. जेजुरीनंतर ट्रंकेतून काढावी, असं फार तर म्हणेन. साधी रबरी स्लीपर हजारो लोक घालतात, स्वस्त आणि धुवायला सोपी म्हणून. तिचा अंगठा चिखलात तुटतो. पुण्याच्या मुक्कामात वारकऱ्यांच्या वहाणा फुकट शिवून देणारे कारागीर रस्त्याच्या कडेला बसलेले असतात, ती या वाटेवरची फार मोठी सेवा आहे. तरी एक अंगठा आणि दाभणदोरा जवळ असावा. माळशिरसच्या काळ्या मातीत सँडलच्या तळाला जे चिकटतं, ते खरवडायला बाभळीची काडी पुरते. खोल नक्षीचे तळवे मात्र तिथे डोकेदुखी ठरतात, पावलागणिक वजन वाढत जातं.

अनवाणी चालणाऱ्यांना काही सांगायला मी धजत नाही. अनेक विणेकरी अनवाणीच चालतात आणि त्यांचे तळवे वर्षभर शेतात चालून तयार झालेले असतात. सांगायचं ते मधुमेह असलेल्यांना. तळव्याची जाणीव कमी झालेली असेल तर तापलेल्या रस्त्याचा चटका कळतच नाही, कळतो तेव्हा कातडी गेलेली असते. पालखी मार्ग आता बराचसा चौपदरी सिमेंटचा झालाय. त्या कामात वाटेवरची जुनी वडाची झाडंही कितीतरी गेली. सिमेंट डांबराहून कडक, आणि दुपारी त्याच्यावरून येणारी तिरीप डोळ्यांना सोसत नाही. पायाखाली मऊ तळवा आणि डोक्याला कपडा या दोन्ही गोष्टींची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

कपड्यांच्या बाबतीत बायका पुरुषांपेक्षा हुशार. नऊवारी भिजलं की घागरीचं वजन होतं, म्हणून जुन्या वारकरी बायका जाड सुती लुगडं घरी ठेवतात आणि वाऱ्यावर तासाभरात सुकेल असं कृत्रिम धाग्याचं नेसून येतात. एक अंगावर, एक वाळत. वाळवायला दोरी शोधत नाहीत. दोघी जणी पातळाची दोन टोकं धरतात आणि चालू लागतात, वारा आपलं काम करतो. जीन्स घालून आलेली पोरं हे बघतात आणि वाल्ह्याच्या बाजारात लेंगा विकत घेतात. जीन्स एकदा भिजली की संपलं, शिवाय मांड्या घासून निघतात त्या वेगळ्या. त्यावरही पेट्रोलियम जेलीच.

पातळ चादरीचं सांगायचं राहिलं. जुलैच्या रात्री इथे फारशा थंड नसतात, स्लीपिंग बॅगेत माणूस उकडून निघतो. सोलापुरी चादर उबदार खरी, पण जाड सूत ओलं झालं की वाळता वाळत नाही. खाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पातळ सतरंजी, वर साधी चादर. बस्स.

बायकांच्या सामानातल्या ज्या गोष्टी यादीत लिहिल्या जात नाहीत, त्या इथे लिहितो. बॅटरी ही बायकांची पहिली गरज आहे, कारण अंधारात उठून आडोसा शोधत जायचं असतं. गेल्या काही वर्षांत मुक्कामी फिरती शौचालयं येऊ लागली, फार मोठा फरक पडला, तरी पहाटे रांग असतेच आणि म्हणून कित्येक जणी दिवसभर पाणीच कमी पितात. त्यातून लघवीची जळजळ आणि उन्हाचा त्रास दोन्ही मागे लागतात. मोठ्या घेराचं पातळ किंवा परकर हा इथे खरोखरीचा आडोसा आहे. पाळीचा विषय दिंडीत कुजबुजत बोलला जातो. काही जणी ती पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात, त्या डॉक्टरला न विचारता घेऊ नयेत. पॅड पुरेसे जवळ ठेवावेत, वापरलेले गुंडाळून ठेवायला वेगळी जाड पिशवी ठेवावी. वाटेतल्या छोट्या गावच्या दुकानात पालखीच्या दिवशी काय शिल्लक असेल याचा भरवसा नाही.

वारकऱ्याच्या सामानात काही वस्तू सोयीच्या नसतात आणि त्यांच्याबद्दल वजनाचा हिशेब कुणी करत नाही. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, खाली ठेवली जात नाही. पखवाज गळ्यात अडकवून मैलोन्‌मैल वाजवायचा असतो. पाऊस आला की माणूस भिजतो, पखवाज झाकला जातो, कारण ओलाव्याने कातडं उतरतं आणि डाव्या पुडीची कणीक सुटते. टाळांच्या दोऱ्या बोटांना काचतात, म्हणून जाणते टाळकरी दोरीला मऊ चिंधी गुंडाळून आणतात. तुळशी वृंदावन डोक्यावर घेणारी बाई आपल्या चुंबळीसाठी जुन्या मऊ लुगड्याचाच तुकडा निवडते, नवं कापड डोक्यावरून घसरतं. मानेला किती ताण पडतो विचारलं तर "माउली नेते" हे उत्तर ठरलेलं, पण दर विसाव्याला वृंदावन दुसरीच्या डोक्यावर जातं हेही तितकंच ठरलेलं.

पाण्याबद्दल थोडक्यात. टँकर सगळीकडे असतात, तरी बाटलीत मेडिक्लोरचे थेंब टाकून अर्धा तास थांबावं. जलसंजीवनीची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायची. घोटभर पाण्यात सगळी पुडी ओतून पिणारे दर वर्षी भेटतात, त्याने त्रास उलट वाढतो. रोजची औषधं खांद्यावरच्या पिशवीत. इन्सुलिन तर ट्रकात कधीच नाही, उन्हात उभा राहिलेला ट्रक आतून भट्टी होतो.

मोबाइलसाठी पॉवर बँक हवी, पण गर्दीत रेंज जाते तेव्हा तीही कामाची नाही. त्यापेक्षा मोलाची वस्तू म्हणजे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी: नाव, गाव, घरचा फोन, आजार असेल तर तो, आणि रथापुढे किंवा रथामागे अमुक क्रमांकाची दिंडी. लाखोंच्या गर्दीत पत्ता म्हणतात तो हाच. हरवलेल्या म्हाताऱ्याला माईकवरून पुकारतात तेव्हा त्याला दिंडीचा क्रमांक आठवत नसेल तर पुकारणारे तरी काय करणार? पैसे सुटे, थोडे, आणि एका ठिकाणी नाहीत. कमरेची चंची अजून कुठल्याही पाकिटापेक्षा सुरक्षित आहे.

आणि ज्यांना दिंडीच नाही त्यांचं काय?

भिशी परवडत नाही, किंवा कुणाच्या बांधिलकीत राहायचं नाही, असे हजारो लोक वारीत मोकळे चालतात. त्यांचा ट्रक नाही, राहुटी नाही. देवळाची ओसरी, शाळेचा व्हरांडा, दुकानाची पायरी, नाहीतर झाडाखाली. सगळं ओझं डोक्यावरच्या पोत्यात. हे पोतं खताचं असतं, वरून भिजलं तरी आत पाणी जात नाही, फाटलं तर दुसरं मिळतं, आणि कडेने उसवलं तर त्याचीच खोळ होते. आत एक लुगडं किंवा धोतर, एक घडीची वाकळ, स्टीलचं ताट, तांब्या, देवाचा फोटो किंवा पोथी, बुक्क्याची डबी. तांब्या पाण्याला, चहाला आणि सकाळी शेतात जायलाही, त्यासाठी वेगळा टमरेल बाळगणारे श्रीमंत. सामान कमी कसं करावं यावर परदेशात ग्रंथ लिहिले गेलेत. अशा मोकळ्या चालणाऱ्या एखाद्या बाईचं पोतं उघडून पाहिलं तर काढून टाकण्यासारखी एकही वस्तू सापडणार नाही. पण याचं कौतुक करताना मला संकोच वाटतो, कारण तिने ते कमी केलेलं नाही, तिच्याकडे तेवढंच आहे. पावसात अख्खी रात्र ओसरीच्या कडेला बसून काढणाऱ्या अशा बायकांना सुटसुटीतपणाचा आदर्श म्हणणं बरोबर नाही. एक कोरडी सतरंजी त्यांना हवीच असते. सेवा करू इच्छिणाऱ्यांनी दरवर्षीची बिस्किटं आणि केळी थोडी कमी करून प्लॅस्टिकचे जाड कागद, स्लीपरचे जोड आणि पातळ चादरी वाटाव्यात.

ट्रक नसलेल्या चालीचा पक्का नमुना पाहायचा तर नर्मदा परिक्रमेकडे जावं लागतं, आणि मराठी माणसं तिकडे दर वर्षी मोठ्या संख्येने जातातच. नदी १३१२ किलोमीटर लांब, दोन्ही काठ चालायचे, ती कायम उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. फक्त समुद्राच्या मुखाशी विमलेश्वरहून मिठी तलाईला नावेने जायचं. चातुर्मास संपल्यावर निघायचं म्हणजे थंडी अंगावर घेत जायचं. अमरकंटककडच्या रात्री कांबळ्याशिवाय निघत नाहीत. तिथे खाणं सदाव्रतावर, कोरडा शिधा मिळाला तर शिजवायला एक लहान टोप लागतो, आणि नर्मदाजलाची कुपी पूजेसाठी. सारं पाठीवर. जुने परिक्रमावासी शूलपाणीच्या झाडीत सामान तर जातंच, अंगावरचे कपडेही काढून घेतले जातात, असं सांगत. काही जण त्या हिशेबानेच निघत. सरदार सरोवराच्या पाण्याने ती वाट बरीच बदलली. वारीची पिशवी घेऊन तिकडे गेलेला पहिल्या थंडीत परत येतो, आणि परिक्रमेची सॅक घेऊन वारीत आलेला सासवडच्या आत ती ट्रकात टाकतो.

वारीतही ट्रकाशिवायची एक चाल आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. एकादशी झाली की बहुतेक वारकरी एसटीने घरी जातात. गोपाळकाला झाल्यावर पौर्णिमेला पालखी परत फिरते. येताना अठरा-वीस दिवस लागलेले अंतर जाताना दहा-अकरा दिवसांत कापायचं, टप्पे मोठे, माणसं थोडी, वाटेवर मंडप नाहीत, केळी वाटणारं कुणी नाही. दिंड्यांचे ट्रक बहुतेक आधीच गेलेले. या परतवारीला राहणाऱ्यांची बांधाबांध पंढरपुरातच होते. जादा कपडे, ट्रंक, सतरंजी गावाकडच्या माणसाबरोबर एसटीने पाठवायची, प्रसादाची चुरमुऱ्याची पिशवीही त्याच्याच हाती द्यायची. स्वतःकडे एक जोड, चादर, कागद, तांब्या. झिजलेली सँडल चंद्रभागेच्या बाजूच्या बाजारात पाहून घ्यायची, नवी मात्र घ्यायची नाही, जुनीलाच तळवा लावून घ्यायचा. पाय तिला सरावलेले आहेत आणि आळंदी अजून अडीचशे किलोमीटर आहे.